मोडीत घालण्याआधी विचारा

(धुळ्याच्या जुन्या पेठेत दोघी बहिणी जुनी भांडी, घरगुती वस्तू आणि दागिने यांचं निवडक दुकान चालवतात. धाकटी भांडी आणि लाकूडकाम बघते, थोरली दागिने आणि वहीखातं. वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या अंकात थोरल्या बहिणीनं उत्तरं दिली आहेत.)

प्रश्न : आम्ही जुन्या घराचं धाबं उतरवलं. माळ्यावरून दोन पितळी हंडे, एक घंगाळ, तांब्याचा बंब आणि तीन-चार पराती निघाल्या. भंगारवाला किलोवर मागतोय. सासरे म्हणतात, देऊन टाका, जागा मोकळी होईल. ताई, याला काही किंमत आहे का?
— एक गृहिणी, शिरपूर

वहिनी, भंगारवाल्याला आधी ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून वाटेला लावा. तो काही पळून जात नाही आणि पितळही नासत नाही.

किलोचा भाव हा नुसत्या धातूचा. घडणावळ त्यात धरलेलीच नसते. तुमच्या भांड्यांत घडणावळ किती आहे, ते घरबसल्या कळतं. घंगाळ पालथं घालून दारात उन्हाच्या तिरिपेला धरा. पोटाजवळ किंवा बुडाशी करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी रेघ दिसते का बघा. पूर्वी तांबट पत्र्याच्या कडांना दाते पाडून ते एकमेकांत अडकवायचे आणि वरून डाग द्यायचे, म्हणजे वितळलेल्या धातूनं जोड पक्का करायचे. बोटाला हा सांधा जवळजवळ लागत नाही, पण डाग दिलेल्या धातूचा रंग जरा वेगळा असतो, म्हणून उजेडात तो उघडा पडतो. आतल्या बाजूला हातोडीचे ठोके दिसतील, रांगेनं, बुडापासून गोल गोल वर चढत गेलेले. कड्या रिवेटनं बसवलेल्या असतील. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्यात यातलं काही सापडत नाही. ती भांडी खुशाल किलोवर द्या, माझी हरकत नाही.

दुसरं म्हणजे नाव. काठाखाली चिंचेचा कोळ चोळा. चकाकी आणायला नव्हे, अक्षरं वाचायला. टिंबाटिंबांनी घातलेलं नाव, गाव, कधी साल, कधी ‘अमक्याकडून आहेर’ असं बाहेर येतं. आमच्या दुकानात एका परातीवर ‘मोठ्या बाईस धाकट्या भावाकडून’ एवढंच आहे. गाव नाही, साल नाही. ती परात विकायची नाही असं काही आमचं ठरलेलं नाही, पण धाकटी दर गिऱ्हाइकाला तिची किंमत अशी सांगते की माणूस परात खाली ठेवूनच बोलतो.

बंबाचं वेगळं. त्यात रात्री पाणी भरून ठेवा आणि सकाळी खाली ओल आहे का बघा. पाणी धरत असेल, मधली नळी शाबूत असेल आणि तोटी फिरत असेल तर त्याला भंगाराच्या वर चांगले पैसे येतात. शहरातली मंडळी त्यात मनीप्लांट लावतात. मला ते बघवत नाही, पण ते रोख मोजून नेतात, तेव्हा मी कोण बोलणार!

काहीही करा, पण विकण्याआधी ‘लख्ख करून घेऊ’ म्हणून अॅसिड लावू नका. पितळेत तांबं आणि जस्त असतं. तीव्र अॅसिडनं वरवरचं जस्त निघून जातं आणि भांडं गुलाबी, चट्टेरी होतं. तो चट्टा घासून जात नाही. राख, चिंच, लिंबू, मीठ एवढंच पुरे, तेही बेतानं.

आणि सगळं विकूही नका. मोठी परात घरात ठेवा. श्रावणात कानबाई देवी बसते, भाऊबंद गोळा होतात, तेव्हा रोटांची कणीक स्टीलच्या ताटात तिंबणार आहात का? दर श्रावणात परात मागायला आमच्याकडे माणसं येतात. त्यातल्या काहींनी आदल्याच वर्षी घरची परात मोडीत घातलेली असते.

प्रश्न : आजी वारली. तिच्या डब्यात ठुशी, पुतळ्यांची माळ, पाटल्यांचा जोड आणि एक सरी आहे. सोबतच्या चिठ्ठीत ‘एकूण पाच तोळे’ लिहिलंय. सराफ म्हणतो सोनं कमी कसाचं आहे, हॉलमार्क नाही, मोडून नवं करा. आम्ही तिघी नाती. काय करावं?
— जळगाव

दुकान सुरू करण्याआधी मी एका सराफी पेढीवर हिशेब लिहायचे, त्यामुळे काउंटरच्या आतून जे दिसतं तेच सांगते.

आधी वजन. आजीच्या चिठ्ठीतला तोळा आजच्या तोळ्याएवढा नाही. आज सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दहा ग्रॅम असतात. जुना तोळा म्हणजे बारा मासे, म्हणजे ९६ गुंजा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. तेव्हा पाच जुने तोळे ५८ ग्रॅमच्या वर भरायला हवेत. काटा पन्नास दाखवत असेल आणि कुणी ‘बरोबर, पाच तोळे’ म्हणत असेल, तर तिथून उठा. मात्र चिठ्ठीनंतर एखादा दागिना डब्यातून गेला नाही ना, हे आधी घरात विचारा. कुणा सुनेच्या लग्नात एखादी पुतळी गेलेली असते आणि चिठ्ठी बदलायची राहून जाते.

आता उलट बाजूही ऐका. जुन्या पाटल्या पुष्कळदा पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. ठुशीच्या मण्यांतही लाख असते. काट्यावर लाखेचंही वजन येतं. सराफानं लाखेचं वजन वजा धरलं तर तो फसवतोय असं नाही. किती धरलं, ते त्यानं सांगायला हवं. डागाच्या जागीही कस उतरतो. पुतळ्यांच्या माळेत प्रत्येक पुतळीला कडी डागलेली असते, म्हणून अख्ख्या माळेचा कस एका पुतळीवरून काढू नका.

कमी कसाचं दुसरंही एक कारण असू शकतं. पाटल्या साठीच्या दशकातल्या आहेत का? १९६३ साली सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि काही वर्षं १४ कॅरेटच्या वरच्या सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी होती. किती सोनारांचे हात रिकामे झाले! त्या काळातला दागिना १४ कॅरेटचा निघाला तर सोनारानं आजीला लुबाडलं असं समजू नका. तेव्हाचा कायदाच तसा होता. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला.

हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं आली. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-आकडी ओळखक्रमांकाशिवाय (एचयूआयडी) सराफाला दागिना विकता येत नाही. ही सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे, तुमच्या आजीच्या डब्यावर नाही. बिनहॉलमार्कचा घरचा दागिना ठेवा, घाला, सराफाला विका, सगळं चालतं. नुसता कस कळायला हवा असेल तर हॉलमार्किंग केंद्रावर फी भरून तपासून मिळतो, त्यासाठी मोडायची गरज नाही.

मला विचाराल तर सरी आणि पाटल्या मोडल्या तरी एक वेळ चालेल, ठुशी आणि पुतळ्या मोडू नका. मोडीत मजुरी बुडते आणि नव्याची मजुरी पुन्हा द्यावी लागते. शिवाय तसल्या बारीक मण्यांची गुंफण करणारे हात आता शोधावे लागतात. ठुशीचा गोफ विरलाय एवढंच असेल तर पटवेकऱ्याकडून नव्यानं ओवून घ्या. तिघीत वाटणी करायची तर पुतळ्या मोजून वाटा. प्रत्येकीनं काळ्या पोतीत चार चार ओवल्या तरी सुरेख दिसतात. आणि मोडायचंच ठरलं तर तुमच्या डोळ्यांसमोर वितळवायला सांगा. आधीचं वजन, लाखेची वजावट, कस आणि त्या दिवसाचा भाव पावतीवर लिहून घ्या. ‘घरचाच माणूस आहे’ म्हणून पावती सोडू नका. पेढीवरचे बहुतेक वाद मी घरच्याच माणसांचे पाहिलेत.

प्रश्न : आमच्याकडे पणजोबांचा तांब्याचा गडवा आहे. एक जण म्हणतो, त्यात तांदूळ ओढून घेण्याची ताकद आहे, परदेशी कंपनी कोट्यवधी देईल. तपासणीसाठी आधी काही रक्कम भरावी लागेल. खरं असतं का हे?
— साक्री तालुक्यातून एक तरुण

नाही. भाऊ, एक रुपया देऊ नकोस. हा ‘राइस पुलर’चा ठगीचा धंदा आहे. तांब्याला लोहचुंबकाचं काही सोयरसुतक नाही आणि तांदळाला तर नाहीच नाही. हे लोक तांदळाला लोखंडाचा कीस चिकटवतात, भांड्यात चुंबक दडवतात आणि मोबाइलवर व्हिडिओ दाखवतात. मग शास्त्रज्ञ येणार, त्याची फी. खास पोशाख लागणार, त्याचं भाडं. केमिकल संपलं, त्याचे पैसे. भांडं कुणालाच नको असतं, तुझं खातं हवं असतं. आधी पैसे गेलेच असतील तर लाजू नकोस, पोलीस ठाण्यात जा.

याच माळेतला दुसरा मणी म्हणजे राम-सीता-हनुमानाचं चित्र असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं ‘नाणं’. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलेलंच नाही. जत्रेत विकायचे बिल्ले आहेत ते. आमच्याकडे ती घेऊन येणारी माणसं चिडतात, पण मी काय करू?

गडवा मात्र चांगला असेल. धाकटी म्हणतेय, घेऊन ये, बघते.

प्रश्न : मी मुंबईत असते. मला सातपुड्यातले आदिवासी चांदीचे दागिने हवे आहेत, अस्सल, वापरलेले. तुम्ही गोळा करून द्याल का?

दुकानात असतील ते देऊ. गोळा करून देणार नाही.

धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पावरा आणि भिल्ल बायांच्या अंगावरची चांदी म्हणजे त्यांची बँक. पीक बुडालं, दवाखाना लागला की ती गहाण पडते आणि होळीच्या तोंडावर ओढाताण करून सोडवून आणतात, कारण होळीला ती अंगावर हवीच. काठी गावच्या राजवाडी होळीला एकदा जाऊन बघा, मग कळेल मी काय म्हणते. नेमक्या अडचणीच्या महिन्यात तिकडच्या बाजारात पिशवी घेऊन फिरणारे व्यापारी आहेत. आम्हाला त्या रांगेत उभं राहायचं नाही. कुणी आपणहून दुकानात आलं, तर त्या दिवसाच्या चांदीच्या भावाच्या खाली घेत नाही आणि घडणावळ वर धरतो. एका म्हातारीनं हासळी काउंटरवर ठेवली, म्हणाली, “हाई मन्ही सासूनं शे,” आणि भाव ऐकून पुन्हा पदरात बांधून घेऊन गेली. गेली ते बरंच झालं.

नवी हवी असेल तर तिकडचे सोनार आजही घडवतात. ऑर्डर द्या, मजुरी द्या. ‘वापरलेलीच हवी’ हा हट्ट मला कळत नाही.

घेताना एक बघा. रुपयांच्या माळेत नाण्यांची सालं वाचा. १९३९ पर्यंतचा रुपया एक तोळा वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. विकणारा सगळ्या नाण्यांचा एकच भाव लावतो.

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी चाळीसगावात असंच दुकान काढायचं म्हणतोय. सुरुवात कशी करावी? आणि खरं सांगा, बहिणी-बहिणींचं पटतं का?

पटत नाही. चालतं.

आमचा एक नियम सांगते, तो तुम्ही खुशाल उचला. नवी वस्तू आली की दोघींनी आपापल्या कागदावर विक्रीचा भाव लिहायचा, मग कागद उघडायचे. आकडे जवळपास असतील तर मधला धरायचा. फार लांब असतील तर जिचा आकडा मोठा, तिनं तो गिऱ्हाइकाला पटवून द्यायचा. यानं अर्धी भांडणं मिटतात. उरलेली अर्धी सासरच्या घरात होतात, ‘बहीण तुला देते तरी किती’ या विषयावर. त्यासाठी भागीदारीचा करार कागदावर करून नोंदवा. सख्ख्या असलात तरी, किंबहुना सख्ख्या आहात म्हणूनच.

दुकान म्हणजे गोदाम नव्हे. मिळेल ते उचललं तर सहा महिन्यांत भंगाराचं दुकान होतं. काय घ्यायचं नाही, ते आधी ठरवा. आम्ही देवघरातले टाक आणि मूर्ती घेत नाही. धाकटी श्रद्धेपोटी घेत नाही. माझं कारण निराळं: शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, तिचा व्यापार करायला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. हा कायदा १९७६ पासून लागू आहे. जुन्या हस्तलिखितांना तर पंचाहत्तर वर्षांचीच मर्यादा आहे. पेटाऱ्यात मोडी लिपीतले कागद निघाले तर आम्ही त्यांना हात लावत नाही, मालकाला सरळ इथल्या राजवाडे संशोधन मंडळाचा रस्ता दाखवतो. आमचा बहुतेक माल स्वातंत्र्याच्या आगेमागेचा: फिरकीचे तांबे, पानाचे डबे, अडकित्ते, चिनी मातीच्या बरण्या, काथवटी, कंदील, इनॅमलच्या थाळ्या. दागिन्यांत चांदी, मोती, काचमणी आणि मुलाम्याचे. सोनं ठेवत नाही. रात्री झोप हवी.

प्रत्येक खरेदीची नोंद ठेवा: विकणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची प्रत, सही, वस्तूचा फोटो. एखादा पोरगा समई विकायला येतो आणि ‘घरचीच आहे’ म्हणतो. आईला घेऊन ये म्हटलं की पुन्हा दिसत नाही. चोरीचा माल घेणाराही गुन्हेगारच ठरतो.

थोडीच माणसं कामाला असतील तर महाराष्ट्रात दुकानाची नुसती ऑनलाइन सूचना देऊन भागतं. जीएसटीत जुन्या मालासाठी खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर भरायची सोय आहे, ती सीएला आवर्जून विचारा. सगळ्यांनाच ती माहीत असते असं नाही.

आणि गिऱ्हाइकाशी खोटं बोलू नका. मुरादाबादचा नवा पितळी माल सुंदर असतो, पण तो अॅसिड-मातीत मुरवून ‘पेशवेकालीन’ म्हणून विकणारे आहेत. एक गृहस्थ असाच पानदान घेऊन आले होते, शिवकालीन म्हणे. बिजागरीला फुलीच्या खाचेचे स्क्रू! तो स्क्रू विसाव्या शतकातला. जुनेपणा मातीत नसतो, हात लागतो तिथं असतो. अडकित्त्याची मूठ झिजलेली हवी, डब्याचं झाकण अंगठ्याच्या जागी गुळगुळीत हवं. सगळीकडे सारखीच काळी पडलेली वस्तू दिसली की संशय घ्या.

प्रश्न : सोन्यात मढवलेलं वाघनख विकायचं आहे. किती येतील?
— पारोळा

आमच्याकडे आणू नका, दुसऱ्या कुणाकडेही नेऊ नका. खरं वाघनख विकणं किंवा विकत घेणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते पणजोबांच्या बारशातलं का असेना. हस्तिदंती चुडे आणि मुठींचंही तेच. तुमच्याकडे मालकीचं प्रमाणपत्र आहे का बघा, नसेल तर वकिलाला विचारून वनखात्याशी बोला. कित्येक नखं नकली निघतात, तेही तिथंच कळेल.

प्रश्न : भिंत पाडताना गाडग्यात नाणी सापडली. आमचं घर, आमची भिंत, मग नाणीही आमचीच ना?
— नंदुरबार जिल्हा

लगेच नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कळवलंत तर तुमचा हक्क ऐकला जातो. दडवलंत तर तो जातो आणि वर शिक्षा होते. नाणी घासू नका, वाटू नका, गाडगंही फेकू नका.

प्रश्न : तांब्या-पितळेच्या पातेल्यात पुन्हा स्वयंपाक करायचा आहे. चालेल का?
— अमळनेर

हा प्रश्न धाकटीचा, तिचं सांगणं लिहिते. कल्हई असेल तरच. आमटी-ताक बिनकल्हईच्या पितळेत कळकतं, ते पोटात जाऊ नये. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. भांडं तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्यानं फिरवतात. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नाही, त्यात तळण करायचं नाही, तारेच्या घासणीनं घासायचं नाही. भात, वरण, खीर उत्तम होते. आतून तांबूस डाग दिसायला लागले की पुन्हा कल्हई करून घ्या. कल्हईवाल्याला ‘शुद्ध कथीलच वापर, शिसं मिसळू नको’ असं तोंडावर सांगा आणि दोन पैसे जास्त द्या. आला दारावर की आळीतल्या चौघींना हाका मारा, एका भांड्यासाठी भट्टी लावणं त्याला परवडत नाही.

प्रश्न : फोटो पाठवला तर भाव सांगाल का?
— बऱ्याच जणांचा

अंदाज सांगू, भाव नाही. फोटो दारातल्या उजेडात काढा, फ्लॅश नको. एक समोरून, एक आतून, एक बुडाचा, एक कडीचा किंवा सांध्याचा. शेजारी मोजपट्टी ठेवा. किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून लिहा. वस्तू कुणाची, घरात कधीपासून आहे, तेही दोन ओळींत कळवा. आणि कृपा करून फोटोआधी घासू नका.